ठेका चुकतो कुठे? लॅपटॉपच्या अडखळत्या पडद्याचे निदान

(शेगाव येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



स्मृती व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर लॅपटॉपचा पडदा हा विषय जरा पोरकट वाटेल, याची मला कल्पना आहे. तक्रारही किरकोळ दिसते. नवा, महागडा लॅपटॉप घेतलेला असतो. खोक्यावर १२० हर्ट्झ असे ठळक छापलेले असते. टचपॅडवर दोन बोटे ठेवून पान वर सरकवले की मजकूर मधूनच ठेचकाळतो, क्षणभर थांबतो आणि मग एकदम पुढे उडी मारतो. दुकानात नेले तर काय सांगतात? रॅम वाढवा. दुसऱ्या दुकानात? फॉरमॅट मारा. तिसऱ्या ठिकाणी सांगतात, एवढे चालायचेच. तीन दुकाने, तीन उपाय, आणि निदान मात्र एकाही ठिकाणी झालेले नाही. आजचे व्याख्यान त्या निदानाबद्दल आहे. मी क्रमाने तीन गोष्टी मांडणार आहे. हलत्या चित्रात डोळ्याला नेमके काय खुपते, ही पहिली. पडद्याचा दर बदलता झाल्यावर चूक शिरायच्या जागा कशा वाढल्या, ही दुसरी. आणि त्यांतली नेमकी जागा घरबसल्या कशी हुडकायची, ही तिसरी. या तिन्ही गोष्टींतून माझे म्हणणे एकच आहे. पडदा अडखळतो तेव्हा बहुतेक वेळा वेग कमी पडलेला नसतो. चित्र ज्या क्षणासाठी तयार झाले आणि ज्या क्षणी ते दिसले, त्या दोन क्षणांचा मेळ सुटलेला असतो.

आधी थोडे गणित करू, घाबरू नका. पडदा साठ हर्ट्झचा आहे याचा अर्थ तो सेकंदाला ६० वेळा नवे चित्र दाखवू शकतो. म्हणजे दोन चित्रांत सुमारे १६.७ मिलिसेकंदांचे अंतर. १२० हर्ट्झला हे अंतर ८.३ मिलिसेकंद होते, ९० हर्ट्झला ११.१. आता समजा, तुम्ही पान सेकंदाला १२०० पिक्सेल या वेगाने सरकवत आहात. साठ हर्ट्झच्या पडद्यावर दर वेळी मजकूर २० पिक्सेल वर गेला पाहिजे. एखादे चित्र वेळेत तयार झाले नाही, तर जुनेच चित्र आणखी एक फेरी पडद्यावर राहते आणि पुढच्या फेरीला मजकूर २० ऐवजी ४० पिक्सेल उडी मारतो. सेकंदाला साठातले एकच चित्र चुकले. हिशेबाच्या वहीत ही चूक दोन टक्क्यांचीही नाही. डोळ्याला मात्र ती धडधडीत दिसते. का दिसते? कारण सरकता मजकूर वाचताना डोळा स्वस्थ बसलेला नसतो. तो त्या ओळीबरोबर सरकत असतो, आणि पुढच्या क्षणी ओळ कुठे असेल याचा अंदाज आधीच बांधत असतो. ओळ तिथे नसली की डोळा पुढे जातो आणि अक्षर मागे राहते. आपल्याला जाणवणारा झटका तो हा.

इथे आपल्याच गावातली एक गोष्ट आठवावी. दर आषाढीला शेगावहून श्री गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते. दिंडी सावकाश चालते म्हणून कुणाला ठेच लागत नाही. पुढच्या ओळीचे पाऊल मधूनच एकदा आखडले आणि एकदा लांबले, तर मात्र मागच्या ओळी एकमेकींवर आदळतात. पडद्याचेही तसेच आहे. मंद चाल डोळा निभावून नेतो, विषम चाल त्याला सोसत नाही. देवनागरी वाचणाऱ्याला तर ती अधिकच खुपावी, असे मानायला आधार आहे. वरखाली होणारी हालचाल डोळा आडव्या कडांवरून ओळखतो. उभ्या रेघेवरून ती कळत नाही, कारण उभी रेघ वर सरकली तरी मधल्या भागात तशीच दिसते. आपल्या लिपीत प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर शिरोरेघ असते, म्हणजे प्रत्येक ओळ ही जवळजवळ एक सलग आडवी कड असते. पान वर जाताना ती कड कुठे थबकली आणि कुठे उडाली, याची नोंद डोळा चुकवत नाही.

विषम चालीची ही अडचण लॅपटॉपने आणलेली नाही. ती हलत्या चित्राइतकीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास आपल्या महाराष्ट्रातही घडलेला आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लागला. त्या काळचा कॅमेरा हाताने फिरवायचा असे. चित्रण किती वेगाने झाले हे फिरवणाऱ्याच्या हातावर, आणि ते किती वेगाने दिसले हे प्रक्षेपण यंत्र चालवणाऱ्यावर. मूकपट आज टीव्हीवर लागले की त्यांतली माणसे उगाच लगबगीने चालताना दिसतात, ती का? ती माणसे तशी चालत नव्हती. कमी दराने टिपलेली चित्रे नंतरच्या ठरीव, वेगवान दराने दाखवली की चाल बिघडते. पुढे बोलपट आला. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' १९३२ सालचा. आवाज फिल्मवर आला आणि हाताच्या लहरीला जागाच उरली नाही, कारण फिल्मचा वेग बदलला की गाणाऱ्याची पट्टी बदलते. सेकंदाला २४ चित्रे, मिनिटाला ९० फूट फिल्म, असा दर जगभर ठरून गेला. म्हणजे पाहा, चित्राला शिस्त लागली ती कानाच्या तक्रारीमुळे. आणि २४ चित्रे काही फार नव्हेत. तरी तेवढ्यावर लोकांनी नव्वद वर्षे सिनेमा डोळे भरून पाहिला, कारण दोन चित्रांतले अंतर कायम सारखे होते.

पण हाच २४ चा सिनेमा साठ हर्ट्झच्या लॅपटॉपवर लावा. साठाला चोवीसने भागले की अडीच येतात. अडीच फेऱ्या एखादे चित्र दाखवायचे कसे? मग एक चित्र दोन फेऱ्या दाखवतात, पुढचे तीन फेऱ्या. एक ३३ मिलिसेकंद दिसते, पुढचे ५०. कॅमेरा संथपणे आडवा फिरत असेल तेव्हा दृश्य लंगडत सरकते ते यामुळे. आपल्याकडच्या जुन्या दूरदर्शनने हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. आपली वीज पन्नास हर्ट्झची, दूरचित्रवाणी सेकंदाला २५ चित्रांची, म्हणून चोवीसचा सिनेमा सरळ पंचवीसच्या दराने चालवायचा. सिनेमा चार टक्के लवकर संपायचा, आवाज किंचित चढायचा, पण चाल मात्र सरळ राहायची. या दोन उदाहरणांत आजच्या विषयाचे मूळ आहे. चित्र देणाऱ्याचा दर आणि दाखवणाऱ्याचा दर यांचा भागाकार पूर्णांकात आला नाही, तर कुठेतरी लंगडेपणा येणारच.

आता दुसरा मुद्दा. दाखवणाऱ्याचा दर ठरीव होता तोवर निदान एक बाजू तरी भरवशाची होती. मग तो बदलता का केला? कारणे दोन, आणि दोन्ही प्रामाणिक आहेत. पहिले कारण खेळांचे. संगणकी खेळात एखादे दृश्य काढायला कमी वेळ लागतो, एखाद्याला जास्त. ठरीव पडदा चित्रासाठी थांबत नाही. म्हणून पडद्यालाच थांबायला शिकवायचे, चित्र तयार झाले की मगच फेरी घ्यायची. एनव्हिडियाची जी-सिंक २०१३ मध्ये आली, २०१४ मध्ये अ‍ॅडाप्टिव्ह-सिंक हे सामायिक मानक जाहीर झाले. दुसरे कारण बॅटरीचे. तुम्ही स्थिर पान वाचत असताना सेकंदाला १२० वेळा तेच चित्र पुन्हा काढणे म्हणजे विजेची उधळपट्टी. म्हणून काही हलत नसेल तेव्हा दर खाली आणायचा, हालचाल सुरू झाली की वर न्यायचा. २०२१ साली अ‍ॅपलने मॅकबुक प्रोमध्ये १२० हर्ट्झपर्यंत आपोआप बदलणारा प्रोमोशन पडदा दिला, आणि त्याच वर्षी विंडोज ११ ने 'डायनॅमिक' नावाची सोय आणली, जी गरजेप्रमाणे ६० आणि १२० यांत ये-जा करते. कल्पना उत्तम आहे. मग तक्रारी का?

कारण स्क्रोल करताना चित्र एकट्या पडद्याने बनत नाही. बोट, अ‍ॅप, खिडक्या एकत्र मांडणारी यंत्रणा आणि पडदा, असे चार जण कामाला असतात आणि प्रत्येकाचा ठेका वेगळा असतो. बोटाचा प्रश्न पाहा. साधा यूएसबी माउस बहुधा सेकंदाला १२५ वेळा आपली जागा कळवतो. पडदा १२० चा असेल तर सेकंदातून पाच वेळा एका फेरीच्या वाट्याला दोन नोंदी येतात. प्रणालीने हा फरक वाटून घेतला नाही, तर तितक्या वेळा मजकूर जादा पुढे उडतो. अ‍ॅपचा प्रश्न पाहा. दर १६ मिलिसेकंदांनी पुढचे चित्र काढ, असे कुणा प्रोग्रामरने लिहून ठेवलेले असते. ते होतात सेकंदाला साडेबासष्ट. साठच्या पडद्यावर सेकंदाला दोन-तीन चित्रे वाया जातात, तीही एका ठरावीक अंतराने. मांडणाऱ्या यंत्रणेचा प्रश्न पाहा. लॅपटॉपचा पडदा १२० चा, बाहेरून जोडलेला मॉनिटर ६० चा, आणि दोन्हींसाठी एकच ठेका धरला गेला, तर एकाची चाल बिघडते. लिनक्सवरच्या जुन्या एक्स यंत्रणेत हे दुखणे कायमचे होते. वेलँडने प्रत्येक पडद्याला स्वतःचा ठेका दिला. आणि शेवटी बदलता पडदा. स्थिर पानावर तो खालच्या दराला उतरलेला असतो. बोट लागताच वर येतो. अ‍ॅपने ८.३ मिलिसेकंदांनंतरचे चित्र काढले, म्हणजे मजकूर १० पिक्सेल पुढे सरकवला, आणि पडद्याने ते १६.७ मिलिसेकंदांनी दाखवले, तर डोळ्याला अपेक्षित होते २० आणि मिळाले १०. इथे एकही चित्र गहाळ झालेले नाही. प्रत्येक चित्र दिसले, पण चुकीच्या क्षणी दिसले.

यावर जाणकार आक्षेप घेतील, आणि तो रास्त आहे. ते म्हणतील, बदलता दर हाच तर अडखळण्यावरचा उपाय होता, तुम्ही त्यालाच आरोपी कसे करता? उत्तर असे की बदलत्या दराने एकच गोष्ट सोडवली. तयार झालेल्या चित्राला पडद्याच्या दारात ताटकळावे लागत नाही. पण चित्रे मुळातच विषम अंतराने तयार होत असतील, तर बदलता पडदा ती विषमता जशीच्या तशी समोर ठेवतो. शिवाय खेळात साऱ्या पडद्यावर एकाच प्रोग्रामची सत्ता असते. रोजच्या कामात एकीकडे ब्राउझर, एका कोपऱ्यात चालू असलेला व्हिडिओ, खाली लुकलुकणारी सूचना, अशी गर्दी असते. पडद्याने ठेका कुणाचा धरायचा? व्हिडिओचा धरला तर स्क्रोल बिघडते, स्क्रोलचा धरला तर बॅटरी जाते. खेळासाठी काढलेले औषध वाचनाला जसेच्या तसे लागू पडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. औषध खोटे आहे असे मी म्हणत नाही.

आता तिसरा मुद्दा, निदान. पहिला नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुकानातले निदान फसते ते इथे. ड्रायव्हर नवा, रॅम नवी, प्रणाली नवी, सगळे एका दिवशी केल्यावर झटका गेला तरी कशाने गेला हे कुणाला सांगता येणार? पहिली चाचणी: दर ठरीव करा. विंडोजमध्ये डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये 'डायनॅमिक' बंद करून सरळ ६० निवडा, नंतर १२०. मॅकमध्ये प्रोमोशनऐवजी ६० निवडा. दोन्ही ठरीव दरांवर पान सुरळीत सरकले आणि बदलत्या दरावरच अडखळले, तर संशय पक्का होतो. ठरीव दरावरही तसेच अडखळले, तर बदलता दर निर्दोष आहे, त्याला सोडून द्या. दुसरी चाचणी: चार्जर काढून पाहा. लाईन गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि वीज वाचवण्यासाठी गुपचूप अनेक गोष्टी बदलतो, पडद्याचा दरही त्यांत आला. झटका फक्त बॅटरीवर येत असेल, तर शोध वीज वाचवणाऱ्या सेटिंगमध्ये घ्यायचा. तिसरी: बाहेरचा मॉनिटर काढून पाहा. चौथी: तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये, आणि त्याच ब्राउझरमध्ये साध्या मजकुराचे हलके पान. जड पानच अडखळत असेल तर दोष त्या पानाचा आहे, तुमच्या पडद्याचा नाही.

पाचवी चाचणी मला सर्वांत बोलकी वाटते, आणि तिला पैसा लागत नाही. टचपॅडवर पान जोरात सरकवा आणि बोटे उचला. पान आपल्याच ओघात थोडे पुढे जात राहते. झटके बोट टेकलेले असतानाच येत होते आणि बोट उचलताच चाल सरळ झाली, तर दोष बोटाच्या नोंदींत शोधा. बोट उचलल्यावरही झटके तसेच राहिले, तर नोंदींचा काही संबंध नाही, कारण तिथे नोंदी येतच नाहीत. मग अ‍ॅप, मांडणी किंवा पडदा यांच्याकडे वळा. फक्त सुरुवातीच्या क्षणी आणि शेवटी वेग मंदावतानाच झटका येत असेल, तर? तर दर वर चढताना आणि खाली उतरताना काहीतरी बिनसते आहे, असे समजायला जागा आहे. एका साध्या कृतीने चार आरोपींचे दोन गट पडतात. निदान म्हणजे दुसरे काय असते? ज्याच्या उत्तराने निम्मे संशयित सुटतील, असा प्रश्न विचारणे.

आणि मोजायचे असेल तर? इथे एका सापळ्यापासून सावध राहा. तो सापळा सरासरीचा. कुठलेसे सॉफ्टवेअर सांगते, सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे सगळे ठीक. पण सेकंदाच्या पहिल्या अर्ध्यात चाळीस आणि दुसऱ्या अर्ध्यात वीस आली, तरी बेरीज साठच येते. २०११ साली टेक रिपोर्ट या अमेरिकी नियतकालिकाच्या स्कॉट वॉसन यांनी हाच मुद्दा धरला. सेकंदाची बेरीज सोडा, सेकंदाच्या आत डोकावा, प्रत्येक चित्राला किती वेळ लागला ते पाहा, असे त्यांनी दाखवून दिले, आणि त्यानंतर ग्राफिक्स कार्डांच्या परीक्षणाची रीतच बदलली. घरी हे काम मोबाईल करतो. अनेक फोनमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारी स्लो-मोशनची सोय असते. सरकत्या पानाचे तसे चित्रीकरण करा आणि एकेक चित्र पुढे नेत पाहा. साठच्या पडद्यावर मजकूर दर चार चित्रांनी पुढे गेला पाहिजे, १२० वर दर दोन चित्रांनी. मध्येच आठ चित्रे तो जागचा हलला नाही, तर झटका सापडला, पुराव्यासकट सापडला. असा पुरावा हातात असला की सेवा केंद्रातल्या माणसाला 'एवढे चालायचेच' म्हणणे जड जाते.

आता उरलेले आक्षेप. पहिला: अधिक वेगाचा पडदा घ्या, प्रश्न संपला. खरेच संपतो? साठ चित्रे देणारे अ‍ॅप साठच्या पडद्यावर सरळ चालते, १२० वरही सरळ चालते, कारण प्रत्येक चित्र दोनदा दिसते. पण तेच अ‍ॅप ९० हर्ट्झच्या ठरीव पडद्यावर लावा. साठाने नव्वदाला भागले की दीड. एक चित्र एक फेरी, पुढचे दोन फेऱ्या. ११ मिलिसेकंद, २२ मिलिसेकंद, पुन्हा ११, पुन्हा २२. पडदा दीडपट वेगवान आणि चाल आधीपेक्षा वाईट! म्हणून खोक्यावरचा मोठा आकडा हे उत्तर होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप: मग कायमचे साठवर ठेवा ना! ठेवायला हरकत नाही, पण तो तात्पुरता इलाज आहे. वेगवान पडद्याचे पैसे देऊन संथ पडदा वापरायचा, किंवा कायम १२० वर ठेवून बॅटरी जाळायची, हे दोन्ही तोट्याचेच. ठरीव दर चाचणीसाठी वापरावा, आणि दोषी सापडल्यावर त्याच्यावरच उपाय करावा. ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हर, ब्राउझर असेल तर ब्राउझर.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा. ही सारी सुखवस्तू माणसांची चिंता नव्हे का? ज्या जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याची, कापसाच्या भावाची चिंता आहे, तिथे पडद्यावरच्या आठ मिलिसेकंदांचे काय घेऊन बसलात? मी हा आक्षेप हलका मानत नाही. पण आज सातबारा पडद्यावर पाहायचा, परीक्षेचा अर्ज पडद्यावर भरायचा, शिष्यवृत्तीची यादी पडद्यावर धुंडाळायची, आणि मुलांचा निम्मा अभ्यास पडद्यावर. वाचनच जर सरकत्या पानावर गेले असेल, तर पान नीट सरकणे ही वाचनाची पायाभूत सोय झाली. छपाईत ओळ वाकडी आली तर आपण छापखान्याला बोल लावतो, तिथे कुणी त्याला चैन म्हणत नाही. शिवाय चुकीच्या निदानाचा भुर्दंड श्रीमंताला बसत नाही. तो नवा लॅपटॉप घेतो. गरज नसलेल्या रॅमचे पैसे भरतो तो, ज्याने हप्त्यावर यंत्र घेतलेले असते.

समारोपाकडे येतो. या गावात गजानन महाराज संस्थानाने १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय चालवले आहे, आणि त्याचे विद्यार्थी आज समोर बसले आहेत. त्यांच्यासाठी सार सांगतो. वेगाच्या आधी समानता तपासा. सरासरीच्या आधी प्रत्येक चित्राचा वेळ पाहा. उपायाच्या आधी आरोपी निवडा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. उद्या तुम्ही अ‍ॅप लिहाल, तेव्हा १६ मिलिसेकंदांचा आकडा त्यात गाडून ठेवू नका. पुढचे चित्र केव्हा दिसणार हे प्रणालीला विचारा आणि त्या क्षणासाठीच ते काढा. उत्पादकांकडूनही एक मागणी आपण करायला हवी. खोक्यावर कमाल दर छापता, तसा किमान दरही छापा, आणि मधले कोणते दर पडदा पाळतो तेही छापा. नव्वद पाळतो की नाही, अठ्ठेचाळीस पाळतो की नाही, हे ग्राहकाला खरेदीआधी कळले पाहिजे. कमाल आकडा ही जाहिरात आहे. कोणत्या दराला चाल सरळ राहील हे ठरवणारी माहिती त्या बाकीच्या आकड्यांत आहे, आणि पैसे मोजणाऱ्याचा तिच्यावर हक्क आहे.